माऊच्या पोटातील केसांचा गोळा

पहाटे पलंगाखालून ‘खक् खक्’ असा आवाज येतो. मांजर मान लांबवून, पोट आत ओढून उमासे काढत असते आणि थोड्या वेळाने फरशीवर केसांची बोटाएवढी ओलसर वळी पडते. मांजर पाळणाऱ्यांना हे दृश्य नवे नाही. मात्र त्याच मांजराने दोन दिवस शी केली नसेल आणि पुढे ठेवलेली वाटी नुसती हुंगून ते पाठ फिरवत असेल, तर घरातील मंडळी चिंतेत पडतात.

शेवगावसारख्या तालुक्याच्या गावी ही चिंता अधिकच. पशुवैद्यकीय दवाखान्यात तेथे वर्दळ असते ती प्रामुख्याने गाई-म्हशी आणि शेळ्यांची. अहिल्यानगरला न्यायचे तर साठ-पासष्ट किलोमीटरचा प्रवास, तोही पिशवीत ओरडणाऱ्या मांजरासह! म्हणून घरी काय करावे आणि काय मुळीच करू नये, हे माहीत असलेले बरे.

मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. अंग चाटताना त्यांत अडकलेले केस थुंकता येत नाहीत, गिळावेच लागतात. ते पचत नाहीत. बरेचसे शीबरोबर निघून जातात, उरलेल्यांचा जठरात गोळा होतो. महिन्यातून एखाद्या वेळी तो उलटून पडला तर घाबरण्याचे कारण नाही. रोज कंगवा फिरवून गळालेले केस आधीच काढले, की निम्मे काम झाले. लांब केसांच्या पर्शियन मांजरांबाबत तर यात हयगय नको.

दुसरा प्रश्न पाण्याचा. मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी मुलखातले. त्यांची पाण्याची गरज बरीचशी शिकारीतूनच भागे. उंदराच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणी असते. पिशवीतल्या कोरड्या खाद्यात ते जेमतेम १० टक्के. मांजर मुळात पाणी कमी पिते. त्यात उन्हाळा आला, की मळ सुकून त्याचे खडे होतात. दुधाने कोठा साफ होतो, ही समजूत सोडावी. अनेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाही, उलट जुलाब होतात.

चोखंदळ मांजराला वासाने जिंकावे लागते. नाथसागराचे पाणी तालुक्याच्या उत्तर सीमेला भिडलेले असल्याने गोड्या पाण्यातील मासळी येथे दुर्मीळ नाही. ती किंवा कोंबडीचे मांस बिनमिठाचे उकडून, काटे-हाडे काढून, कोमट रश्शासह द्यावे. कांदा-लसूण मात्र कटाक्षाने टाळावा; मांजराला तो विषारी ठरतो. त्याच रश्श्यात उकडलेल्या लाल भोपळ्याचा चमचाभर गर बेमालूम मिसळता येतो. नवे अन्न जुन्यात थोडे थोडे मिसळत आठवडाभरात बदल करावा. ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट मांजरापुढे चालत नाही. दोन-तीन दिवसांच्या उपासाने, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून ते जिवावर बेतू शकते.

एरंडेल किंवा पॅराफिन तोंड उघडून ओतणे धोक्याचे. तेल श्वासनळीत गेले तर न्यूमोनिया होतो. माणसांसाठीचा फॉस्फेटयुक्त एनिमा तर मांजराला मारकच. रेचक द्यायचेच असेल, तर ते आणि त्याची मात्रा पशुवैद्यकांनीच ठरवावी.

सर्वांत मोठी गफलत होते ती कुंथण्याच्या बाबतीत. बोका वारंवार बसतो, कुंथतो, ओरडतो. घरचे बद्धकोष्ठ समजून भोपळा भरवत राहतात. प्रत्यक्षात त्याची लघवी तुंबलेली असते, आणि हा एक-दोन दिवसांत प्राण घेणारा विकार आहे. म्हणून आधी वाळू किंवा माती ओली झाली आहे का, ते पाहावे. ती कोरडी असेल तर सकाळची वाट न पाहता गाडी काढावी. वारंवार उलट्या, फुगलेले पोट, शीत रक्त किंवा अन्नपाणी बंद, यांपैकी काहीही दिसले तरी घरगुती उपाय थांबवून डॉक्टर गाठावेत. गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये. आतड्यात अडकलेला दोरा ओढल्यास आतडे चिरते. शेवटची लघवी आणि शी कधी झाली, एवढी नोंद मात्र सोबत न्यावी. डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो.