मागच्या रांगेतला माउथऑर्गन

निवृत्तीनंतर मी माउथऑर्गन वाजवतो असे सांगितले, की लोकांच्या डोळ्यांसमोर सहलीच्या बसमध्ये मागच्या बाकावर वाजणारे ते चिमुकले वाद्य येते. माझे वाद्य तसे नाही. ते दोन्ही हातांनी नीट पेलून धरावे लागते, आणि त्यातून गाणे असे काही निघतच नाही. घरी सराव सुरू केला तेव्हा पत्नीने चार दिवस सहन केले. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरातूनच विचारले, "अहो, पण हे गाणं तरी कोणतं?"

गाणे ‘सोलवा साल’ या १९५८च्या चित्रपटातले होते. मुळात त्यातला माउथऑर्गन राहुलदेव बर्मन यांनी वाजवलेला. पण मी वाजवत होतो त्याचा फक्त पाया, बास हार्मोनिकावर.

आमचे त्रिकूट बँकेतल्याच तिघांचे. एक तरुण सहकारी क्रोमॅटिकवर चाल वाजवतो. जुने हेडकॅशियर कॉर्ड वाजवत. मी सर्वांत शेवटी आलो म्हणून उरलेला बास माझ्या वाट्याला. खरे सांगतो, राग आला होता. सदतीस वर्षे नोकरी करून पुन्हा मागच्या रांगेत!

या मांडणीचा सर्वांत गाजलेला नमुना अमेरिकेतला. १९४७ साली शिकागोच्या ‘हार्मोनिकॅट्स’ची ‘पेग ओ माय हार्ट’ ही ध्वनिमुद्रिका तिथे पहिल्या क्रमांकावर गेली. चालीवर जेरी मुराद, कॉर्डवर अल फिओरे, बासवर डॉन लेस. आवाजाला घुमारा यावा म्हणून ध्वनिमुद्रक बिल पटनम यांनी चक्क बाथरूमचा उपयोग केला होता. आपण बाथरूमगायक उगीचच लाजतो.

बासच्या दोन पट्ट्या एकावर एक, बिजागरीने जोडलेल्या. खालच्या पट्टीत शुद्ध सूर, वरच्या पट्टीत पेटीच्या काळ्या पट्ट्यांचे सूर. प्रत्येक सुराला दोन पत्त्या, एका सप्तकाच्या अंतरावर. सगळे सूर फुंकूनच वाजतात, श्वास आत घेताना काहीच वाजत नाही. म्हणजे श्वास दोन सुरांच्या मधल्या फटीत चोरून घ्यायचा. पहिल्या महिन्यात मला दोनदा भोवळ आली. कॉर्डचे प्रकरण याहून मोठे. ती जवळजवळ दोन फूट लांब, तीत अठ्ठेचाळीस स्वरसंघ आणि ३८४ पत्त्या. तिथे फुंकताना एक स्वरसंघ, ओढताना दुसरा. बास ‘धुम’ म्हणतो, कॉर्ड ‘चक चक’ म्हणते आणि चालीला चालायला रस्ता मिळतो.

हे मला डग्ग्यासारखे वाटले होते. हेडकॅशियरांनी तो गैरसमज दूर केला. चालीवाल्याला त्यांनी नुसता सा धरून ठेवायला सांगितला. मला म्हणाले, "साहेब, तुम्ही आधी सा द्या, मग खालचा ध, मग खालचा म." स्वतः प्रत्येक सुरावर कॉर्ड बदलत गेले. वरचा सा तोच होता, पण तो आधी निवांत वाटला, मग उदास, मग घरापासून दूर गेल्यासारखा. आपल्याकडे तानपुरा जागचा हलत नाही. इथे सुराखालची जमीनच सरकते, आणि सरकवणारे आम्ही दोघे. माझा राग त्या दुपारी गेला.

गेल्या वर्षी सोसायटीच्या कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी त्यांच्या छातीत दुखले. आम्ही दोघांनीच वाजवले. टाळ्या पडल्या. पण माझ्या एका धुमपासून दुसऱ्या धुमपर्यंत चालीवाला पोरका होता. तो घाईने पुढे पळू लागला, मी मागे राहिलो. उतरताना तो एवढेच म्हणाला, "काका, खाली कुणीच नव्हतं."

दुसरा कॉर्डवाला शोधावा, असे एकदोघांनी सुचवले. हेडकॅशियरांना तीन मजले चढउतार करायला मनाई आहे, आणि फुंकायचीही. त्यांची कॉर्ड शोकेसवर मलमलीत गुंडाळून ठेवलेली मी पाहिली आहे.

रोज संध्याकाळी सातला मी त्यांना फोन लावतो, तो स्पीकरवर टाकतो आणि बास वाजवतो. पलीकडून तोंडानेच हलकेसे ‘चक चक’ येते. परवा मध्येच थांबून म्हणाले, "साहेब, मध्यमावर उशिरा गेलात. पुन्हा घ्या." मी पुन्हा घेतला. येत्या रविवारी सराव त्यांच्याकडे, तिसऱ्या मजल्यावर आहे.