शिक्का एकाचा, हुकूम दुसऱ्याचा

पेशवेकालीन सनदा चाळतांना एक गोष्ट संग्राहकांच्या ध्यानांत अवश्य आली असेल. शिक्क्यांत नांव सातारकर छत्रपतींचें, आणि हुकूम मात्र पुण्याचा. ही विसंगति केवळ लेखनपद्धतीची नव्हे. नव्या राज्यांत सत्ता एका हातीं कशी एकवटते याचा तो अस्सल पुरावा होय, असें आमचें मत आहे.

मोगलांकडून स्वराज्याच्या सनदा मराठ्यांस 1719 त मिळाल्या. पुढें तीसच वर्षांनीं, 15 डिसेंबर 1749 रोजीं, शाहूमहाराज निवर्तले. 1750 च्या सांगोल्याच्या करारानें कारभार पेशव्यांकडे गेला, आणि त्याच वर्षीं ताराबाईंनीं रामराजास साताऱ्याच्या किल्ल्यावर अटकेंत ठेवलें. गादी मोडली नाहीं. पेशवाईचीं वस्त्रेंही तेथूनच येत राहिलीं. रूप उरलें, सत्त्व गेलें.

हा प्रकार आपल्याच इतिहासांतला नव्हे. सोव्हिएट संघांतून 1991 त स्वतंत्र झालेल्या बेलारूसनें 1994 त राज्यघटना केली व त्याच वर्षीं लुकाशेंको अध्यक्ष निवडून आले. 1996 च्या सार्वमतानें विधिमंडळ दुर्बळ झालें. 2004 च्या सार्वमतानें अध्यक्षपदाच्या मुदतींची मर्यादाही गेली. तेथेंही घटना रद्द झाली नाहीं. ती आंतून पोखरली गेली.

बाळाजी बाजीरावाच्या हातीं ही सत्ता राज्यविस्तारास उपयोगी पडली, हें खरें. परंतु सत्ता वारशानें येते, कर्तृत्व येत नाहीं. दुसऱ्या बाजीरावानें 31 डिसेंबर 1802 रोजीं वसईचा तह करून परक्यांचा आधार घेतला. पुढें दापोडीस कॅप्टन फोर्डची पलटण राहिली. खर्च पेशव्यांचा, अंमलदार इंग्रज. 5 नोव्हेंबर 1817 रोजीं ती खडकीच्या रणांत इंग्रजांस जाऊन मिळाली. 1818 त प्रतापसिंहास गादीवर बसविलें तेंही इंग्रजांनींच. पोकळ ठेवलेली गादी अखेर परक्यांच्या कामीं आली.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, शिक्क्यावरील नांव वाचून थांबूं नये. कागद कोणत्या दप्तरांतून निघाला, 1750 च्या अलीकडचा कीं पलीकडचा, आणि त्याची अंमलबजावणी कोणीं केली, हें टिपून ठेवावें. सत्तेचा खरा धनी शिक्क्यांत नव्हे, तेथें सांपडतो.