वीज गेली तरी कीर्द शाबूत

सोलापूरच्या चाटी गल्लीतला कापडाचा व्यापार पूर्वापार कीर्द आणि खतावणीवर चालत आला. व्यवहार घडेल तसा आधी कीर्दीत लिहायचा आणि मग तो ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा, ही दिवाणजींची शिस्त. खतावणी लिहिताना मध्येच उठावे लागले, तरी कीर्द पाहून राहिलेली नोंद पुरी करता येते. संगणकही आज हीच शिस्त पाळतो.

हार्डडिस्कवर कोणती फाइल कुठे आहे, जागा किती मोकळी आहे, याचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला फाइल सिस्टिम म्हणतात. एक फाइल साठवायची तर या हिशेबात अनेक ठिकाणी नोंदी कराव्या लागतात. त्यातली एक झाली आणि तेवढ्यात वीज गेली, तर हिशेब जुळत नाही. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीत १९९३ मध्ये आलेल्या ईएक्सटी-२ या फाइल सिस्टिमला अशा वेळी सगळी डिस्क तपासावी लागे. डिस्क मोठी असली की त्यात बराच वेळ जाई. भारनियमनाच्या दिवसांत दुकानदाराला हे कसे परवडावे?

स्टीफन ट्वीडी यांच्या ईएक्सटी-३ ने यावर उपाय आणला. २००१ च्या नोव्हेंबरात ती लिनक्सच्या मुख्य आवृत्तीत आली. तिच्यात डिस्कचा एक भाग ‘जर्नल’साठी राखलेला असतो. जर्नल म्हणजे आपली कीर्दच! होणारा बदल आधी तिथे लिहिला जातो. वीज आल्यावर संगणक फक्त ही कीर्द वाचतो. पूर्ण नोंदी खात्यावर चढवतो, अर्धवट नोंदी सोडून देतो. काम बहुधा काही सेकंदांत संपते. २००८ च्या डिसेंबरात वापरासाठी सिद्ध झालेल्या ईएक्सटी-४ मध्येही हीच पद्धत आहे.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नेहमीच्या मांडणीत ही कीर्द फाइलींच्या हिशेबाची असते, आतल्या मजकुराची नव्हे. टाइप केलेले पण डिस्कवर न पोचलेले बिल ती परत देत नाही. २००९ मध्ये लिनक्सात आलेली बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम मजकुराचाही पडताळा घेते, त्यामुळे बिघाड निदान लक्षात येतो. पण डिस्कच निकामी झाली, तर एकट्या डिस्कवर कोणतीच युक्ती चालत नाही.

म्हणून हिशेबाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी आणि ती दुकानात न ठेवता घरी ठेवावी. प्रत नीट उघडते ना, हेही अधूनमधून पाहावे.