उडीपासून आधारापर्यंत : अय्यंगारांच्या योगाध्यापनाचा मागोवा

बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली योगशिक्षक म्हणून पुण्यात आले, तेव्हा शहराच्या दक्षिणेचा भोर-वेल्ह्याचा डोंगराळ मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात मोडत होता आणि व्यायाम म्हटले की पुण्यात काय किंवा मावळात काय, तालीम, जोर-बैठका आणि कुस्तीच डोळ्यांपुढे येत असे. शेजारच्या औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा प्रसार चालवला होता, तर लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून यौगिक क्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजण्यास आरंभ केला होता. अय्यंगारांच्या पाठीशी ना संस्थान होते ना प्रयोगशाळा. वय विशीच्या आत, मराठीचा गंध नाही आणि डेक्कन जिमखान्यावरची नेमणूक अवघ्या सहा महिन्यांची.

त्यांच्याजवळची शिदोरीही तोकडी होती. क्षय, हिवताप आणि विषमज्वराने लहानपणी खंगलेला हा मुलगा १९३४ मध्ये आपले मेहुणे टी. कृष्णम्माचार्य यांच्याकडे मैसूरला गेला आणि तिथे त्याला जे शिकवले गेले, ते मुख्यतः प्रात्यक्षिकांसाठी उपयोगी पडणारे होते. श्वासाच्या लयीवर उडी घेत एका आसनातून दुसऱ्या आसनात जाण्याच्या त्या पद्धतीत, जिला विन्यास म्हणतात, वेग आणि लवचीकता यांना मोल होते. पुण्यातील विद्यार्थी मात्र त्यांच्याहून थोराड, धडधाकट आणि कणा न वाकणारे होते. त्यांना केवळ करून दाखवून भागणार नव्हते. म्हणून आसनात पावलाचा भार कुठे पडावा, गुडघ्याची वाटी कशी वर ओढावी, बरगड्या किती उघडाव्यात, याचा शोध अय्यंगारांना रोज तासन्‌तास स्वतःच्या शरीरावर घ्यावा लागला. उडी मागे पडली आणि आसनात स्थिर राहून त्याची बारकाईने तपासणी करणे पुढे आले, ते असे गरजेपोटी.

१९५२ मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची भेट झाली, १९५४ मध्ये स्वित्झर्लंडचा प्रवास घडला आणि १९६६ मध्ये ‘लाइट ऑन योग’ प्रसिद्ध झाले. दोनशे आसने, सुमारे सहाशे छायाचित्रे, प्रत्येक आसनापुढे काठिण्याचा १ ते ६० या श्रेणीतील आकडा आणि शेवटी तीनशे आठवड्यांचा अभ्यासक्रम, अशी त्याची मांडणी आहे. या ग्रंथाने पद्धतीला कीर्ती दिली, पण ती लवचीक शरीराच्या माणसांसाठीच आहे, असा एक गैरसमजही रुजवला. कारण बहुतेकांनी छायाचित्रे पाहिली आणि त्यांखालचा मजकूर, ज्यात चुका, मर्यादा आणि परिणाम नोंदवलेले आहेत, बऱ्याच अंशी वगळला. वर्गातला त्यांचा कडक आवाज आणि तितकाच कडक हात यांनी त्या समजुतीला बळच दिले.

प्रत्यक्षात त्यांचे महत्त्वाचे काम छायाचित्राबाहेरच्या माणसासाठी होते. विटा, पट्टे, दोर, लोड आणि घड्या घातलेली कांबळी ही साधने, ज्यांना योगवर्गात सर्रास ‘प्रॉप्स’ म्हणतात, ती त्यांनी हळूहळू शिकवण्यात आणली. साध्या लोखंडी घडीच्या खुर्चीची पाठ काढून विद्यार्थ्याला उलटे बसवायचे, पाय चौकटीतून पलीकडे सोडायचे आणि बैठकीची कड खांद्याच्या पात्यांखाली येईल अशा बेताने मागे टेकवायचे, की ज्याला स्वबळावर मागे वाकता येत नाही त्याचीही छाती उघडते आणि तो काही मिनिटे धाप न लागता तसाच राहू शकतो. कौशल्य कमावलेल्याला जे दिसते त्याचा काही अंश नवख्याला व आजाऱ्याला आधाराने अनुभवता येतो, हे या साधनांमागचे सूत्र आहे.

१९७३ मध्ये पत्नी रमामणी यांचे निधन झाले आणि १९७५ मध्ये त्यांच्याच नावाने पुण्यात संस्था उभी राहिली. १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघातांत पाठीचा कणा व खांदा दुखावल्यावर अय्यंगारांना पूर्वी सहज जमणारी आसने नव्याने साधावी लागली आणि परक्यांसाठी शोधलेला आधार स्वतःलाही घ्यावा लागला. १९८१ मध्ये प्राणायामावरील आणि १९९३ मध्ये पतंजलीच्या योगसूत्रांवरील ग्रंथ आले. हा क्रम बोलका आहे. ज्यांच्यावर केवळ शरीराच्या योगाचा आक्षेप घेतला गेला, त्यांनी सूत्रांवरचे लेखन मात्र आयुष्याच्या आठव्या दशकात केले. २०१४ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले.

त्यानंतरच्या वर्षापासून २१ जून हा योगदिन सर्वत्र साजरा होऊ लागला आणि भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांतील शाळांच्या पटांगणांवरही तो पोहोचला. सर्वांनी एकाच वेळी एकच क्रम करण्याची ही रीत सोयीची असली, तरी अय्यंगारांनी पुण्यात ज्या एकसारखेपणापासून फारकत घेतली त्याच्याशीच ती जुळते. वेल्ह्याच्या खाचरांत आषाढात दिवसदिवस वाकून भाताची लावणी करणाऱ्या बाईला पुढे वाकण्याचे आसन आधी शिकवण्याचे कारण नाही. तिला भिंतीला पाय टेकून, कमरेखाली घोंगडीची घडी घेऊन केलेली विपरीतकरणी, म्हणजे पाय वर करून पडण्याची स्थिती, अधिक मानवेल, आणि त्यासाठी लागणारी भिंत व घोंगडी तिच्या घरात असतेच.