संगणकाच्या पडद्यावर हातमागाची नक्षी

स्वदेशी चळवळीची घोषणा कोलकात्यात ७ ऑगस्ट १९०५ रोजी झाली. तिच्या स्मरणार्थ २०१५ पासून त्या दिवशी राष्ट्रीय हातमाग दिन साजरा होतो. २०२३ च्या हातमाग दिनी दिल्लीतील प्रगती मैदानावरील भारत मंडपम येथे पंतप्रधानांच्या हस्ते ‘भारतीय वस्त्र एवं शिल्प कोश’ या संकेतस्थळाचे उद्घाटन झाले. ‘निफ्ट’ या नावाने परिचित असलेल्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने तयार केलेला हा कोश म्हणजे देशातील वस्त्रपरंपरांचे संगणकीय भांडारच होय.

तेथून जवळच, भैरों मार्गावर, राष्ट्रीय हस्तशिल्प संग्रहालय आहे. चार्ल्स कोरिया यांनी रचना केलेल्या या वास्तूत जुनी वस्त्रे जपली जातात. परंतु प्रकाशाने रंग उडतो, हाताळणीने धागा तुटतो आणि येवल्याच्या विणकराने दिल्लीस येऊन काचेपलीकडची नक्षी मोजत बसणे तर संभवनीयच नाही. संगणकीय नोंदीने ही अडचण बऱ्याच अंशी दूर होते. प्रश्न एवढाच, की त्या नोंदीत वस्त्राचे केवळ रूप जतन होते, की ते विणण्याची विद्याही?

पैठणीचे उदाहरण घ्यावे. पदरावरील बांगडी मोर छायाचित्रात स्पष्ट दिसतो. तो विणताना कोणत्या रंगाची कांडी किती उभ्या धाग्यांखालून न्यावयाची आणि शेजारच्या रंगाशी ती कोठे गुंफावयाची, हे मात्र विणकराच्या बोटांनाच ठाऊक असते.

ही मोजणी टिकविण्याचे प्रयत्न जुनेच आहेत. बनारसचे नक्षाबंद कारागीर नक्षी सुतांच्या जाळ्यात बांधून ठेवीत. ते जाळे मागाला जोडले की तीच नक्षी पुन्हा विणता येई. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील जोसेफ मारी जकार याने हे काम छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांकडे सोपविले. पुढे त्याच पुठ्ठ्यांचा वापर चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित गणनयंत्रास आज्ञा देण्यासाठी योजिला. तेव्हा संगणक मागाकडे येतो तो एका परीने माहेरीच येतो, असे म्हणावयास हरकत नाही.

दिल्लीच्या डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशन या संस्थेने मध्य प्रदेशातील चंदेरी येथे हाती घेतलेला ‘चंदेरियाँ’ हा उपक्रम या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. एकेकाळी ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानात असलेले हे गाव मराठी घरांना साड्यांमुळे परिचित आहे. येथे पारंपरिक नक्षीकाम संगणकावर उतरविण्यात आले. आलेखातील एक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांच्या भेटीचे एक ठिकाण. म्हणूनच अशा नोंदीवरून नक्षी पुन्हा विणता येते. नक्षीचा संग्रह ज्याच्या हाती, धंद्याची सूत्रेही त्याच्याच हाती, असा या व्यवसायातील अनुभव असल्याने संग्रह विणकरांपर्यंत पोहोचणे हे लहानसहान काम नव्हे.

मात्र सर्वांसाठी खुली असलेली नक्षी यंत्रमागवाल्यालाही खुलीच असते. चंदेरीस २००५ साली भौगोलिक निर्देशन मिळाले; त्यामुळे ‘चंदेरी’ या नावास संरक्षण लाभले, पण तीच बुट्टी दुसऱ्या नावाने यंत्रमागावर विणली गेल्यास त्या नोंदणीचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून प्रत्येक नक्षीबरोबर ती देणाऱ्या विणकराचे नाव नोंदविणे आवश्यक वाटते.

पेरू देशातील कुस्को येथे १९९६ साली स्थापन झालेल्या पारंपरिक वस्त्रकेंद्रात अँडीज पर्वतातील वृद्ध विणकर मुलांना प्रत्यक्ष मागावर शिकवितात. आपल्याकडे २०१९-२० च्या हातमाग गणनेत सुमारे ३५ लाख विणकर व साहाय्यक कामगार आढळले. त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. ताणा लावणे, सूत रंगविणे, कांड्या भरणे ही कामे तयार साडीच्या छायाचित्रात दिसत नाहीत. विणकर मुद्रा योजनेखालील कर्जासाठी माग आणि सुताचा हिशेब मांडता येतो. या हातांच्या कसबाची किंमत मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. त्यांचे काम चलत्चित्रांत टिपून घ्यावयाचे, तर ते जाणणाऱ्या वयोवृद्ध स्त्रिया मागाशेजारी बसत आहेत तोवरच.