पुनर्वसित गावांतील नागरिकत्व आणि त्याचे कागद

पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांपैकी अनेक कुटुंबांना १९६० च्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात शेतजमिनी देऊन वसवण्यात आले, आणि आज मुलचेरा तालुक्यातील सुंदरनगर, विवेकानंदपूर यांसारख्या गावांत त्यांची तिसरी-चौथी पिढी नांदते आहे. या कुटुंबांच्या नागरिकत्वाचा विचार करताना हक्क आणि त्याचा पुरावा या दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण त्यांची गल्लत झाली की मुळात भारतीय असलेला माणूसच स्वतःला परदेशी म्हणवणारा अर्ज भरून बसतो.

संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदातील तरतूद संविधान लागू होण्यापूर्वी आलेल्यांपुरती असल्याने, नंतर आलेल्यांसाठी १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमातील कलम ५ खालची नोंदणी हाच मुख्य मार्ग होता. अविभाजित भारतात स्वतः वा आई-वडील जन्मलेल्या व्यक्तीने अर्ज करून निष्ठेची शपथ घेतल्यावर जिल्हाधिकारी तिची नोंद करून दाखला देत. ज्यांनी तो घेतला नाही, त्यांच्याही भारतात २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात जन्मलेल्या मुलांना कलम ३ नुसार जन्मानेच नागरिकत्व मिळाले; तेथे पालकांचे नागरिकत्व विचारले जात नाही. १ जुलै १९८७ पासून आई-वडिलांपैकी एक नागरिक असणे आवश्यक झाले आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक अवैध स्थलांतरित नसावा, ही अटही जोडली गेली.

यावरून उघड होते की दुसऱ्या पिढीला बहुधा नवे नागरिकत्व नको असून जन्माचा पुरावा हवा आहे. गोंड-माडिया शेजाऱ्याच्या घराण्याची नोंद जुन्या कोतवाल बुकात सापडू शकते. निर्वासिताची कहाणी मात्र सीमेवर मिळालेली बॉर्डर स्लिप, स्थलांतर प्रमाणपत्र, छावणीतील कुटुंबपत्र आणि जमिनीचा पट्टा यांपासून सुरू होते, आणि हेच कागद वाळवीने, पुराने किंवा आगीत नष्ट होतात. आधार कार्ड त्यांची जागा घेत नाही, कारण आधार कायद्यातच ते नागरिकत्वाचा पुरावा नसल्याचे म्हटले आहे.

नोंदणीचा दाखला हरवल्यास पोलीस ठाण्यात नोंद करून, प्रतिज्ञापत्रासह दुय्यम प्रतीचा अर्ज करणे हा रीतसर मार्ग होय. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला असल्याने त्याआधीच्या नोंदींचा शोध चंद्रपूरच्या अभिलेख कक्षातही घ्यावा, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. पट्ट्याचा आदेश, जुना सातबारा आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा जोडल्यास कुटुंबाचा क्रम सलग लागतो.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६ब हा वेगळा मार्ग आहे. त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी प्रसिद्ध झाले असून, बांगलादेश, पाकिस्तान वा अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्ती त्याखाली ऑनलाइन अर्ज करतात. त्यातून वगळलेले आदिवासी प्रदेश सहाव्या अनुसूचीतील आहेत, तर गडचिरोलीचा अनुसूचित भाग पाचव्या अनुसूचीत मोडतो; त्यामुळे येथे हा मार्ग खुला आहे. तथापि त्या अर्जात आपण परदेशातून आल्याचे लिहून द्यावे लागते. म्हणून येथेच जन्मलेल्याने त्या वाटेला जाऊ नये, आणि वयोवृद्ध आईवडिलांसाठीही जुन्या नोंदवह्या तपासून झाल्याशिवाय तो अर्ज भरू नये.