बारा अठ्ठे शहाण्णव आणि बर्तिनोचा मेंदू

नात सव्वा महिन्याची होती. तिची पणजी, म्हणजे माझी आई, तिला पायांवर घेऊन टाळू भरत होती. तेलाने चकाकणारा तो मऊ भाग हृदयाच्या ठोक्याबरोबर खालीवर होत होता. मी एकटक पाहत राहिलो. शेवटी आई म्हणाली, "अरे, दृष्ट लावशील पोरीला!"

टाळू पाहिली की गेली तीसेक वर्षं मला एकच माणूस आठवतो, इटलीतला शेतकरी मिकेले बर्तिनो. 1877 साली गावातल्या घंटाघराखाली उभा असताना वरून वीट पडली आणि त्याची कवटी फुटली. बर्तिनो वाचला, पण हाडातलं भोक राहिलं आणि त्यावरच्या कातडीखाली मेंदू उडताना दिसू लागला. प्रौढ माणसाला जणू पुन्हा टाळू आली! तुरिनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मॉसो यांनी ही स्पंदनं कागदावर उमटवणारं यंत्र त्याच्या डोक्याला लावलं आणि हाताचीही नोंद शेजारीच घेतली. दुपारी बाराला चर्चची घंटा वाजली, तशी डोक्याची रेघ उसळली. हाताची होती तशीच राहिली. 'प्रार्थना म्हणायची आठवण झाली का?' असं मॉसोंनी विचारलं. बर्तिनो 'हो' म्हणाला आणि रेघ पुन्हा चढली. मग त्यांनी त्याला 8 गुणिले 12 करायला सांगितलं. आपण 'बारा अठ्ठे शहाण्णव' म्हणून मोकळे होऊ. बर्तिनोच्या मेंदूत तेवढ्यासाठी जास्तीचं रक्त धावलं.

माझ्या मते या प्रयोगाचं सगळं मोल हाताच्या त्या रेघेत आहे. हृदयच जोरात धडधडलं असतं, तर हातही उसळला असता. वाढ डोक्यातच होती.

मॉसो सुताराचे चिरंजीव. लहानपणी वडिलांच्या हाताखाली काम केलेले. पुढे त्यांनी माणूस मावेल एवढा लाकडी तराजू बनवला. त्यावर माणसाला आडवं निजवायचं, वजनं सरकवून फळी समतोल करायची आणि त्याला विचार करायला लावायचं. रक्त डोक्याकडे गेलं की फळी डोक्याच्या बाजूने झुकणार! श्वासानेही फळी डोलायची, त्यामुळे मापं काटेकोर नव्हती. पण हा तराजू मला अतिशय प्रिय आहे. 2014 साली ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी तसाच तराजू पुन्हा बांधून तपासला, तेव्हा आवाज ऐकवल्यावर डोक्याकडचा भार खरोखर वाढलेला दिसला.

आवश्यक तपशील थोडक्यात सांगतो. मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण प्राणवायू घेतो सुमारे 20 टक्के. मिनिटाला पाऊण लिटर रक्त त्यातून फिरतं. 1890 साली केंब्रिजच्या रॉय आणि शेरिंग्टन यांनी मांडलं, की मेंदूच्या कामातून तयार होणारी रसायनंच तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. 1940च्या दशकात केटी आणि श्मिट यांनी माणसाच्या संपूर्ण मेंदूचा रक्तप्रवाह मोजला.

1928 सालची बॉस्टनची हकीकत मात्र घाईने सांगवत नाही. वॉल्टर के. नावाच्या रुग्णाच्या डोक्यामागे, दृष्टीच्या केंद्रावर, रक्तवाहिन्यांचं सदोष जाळं होतं. तिथे रक्ताची घरघर ऐकू यायची. तो वाचायला लागला की घरघर वाढे. तंबाखूचा वास दिला तर फरक पडत नसे. जॉन फुल्टन यांनी ते नोंदवून ठेवलं.

हे वाचल्यापासून तो आवाज ऐकायची ओढ होती. एका परिचित डॉक्टरांनी माझ्या कानशिलावर डॉप्लरची कांडी टेकवली. स्पीकरमधून 'हुश्श, हुश्श' असा आवाज आला, डोक्यातल्या माझ्याच रोहिणीचा. कितीतरी वेळ मी बोललोच नाही.

मग कामाला लागलेल्या भागातच जास्तीचं रक्त पोचतं कसं? पाटाच्या पाण्यावर दारं धरणाऱ्याला लगेच कळेल. पाट तोच, पण ज्या वाफ्याला पाणी हवं त्याचं दार फोडायचं. चेतापेशी कामाला लागल्या की त्यांच्याकडून नायट्रिक ऑक्साइडसारखे संदेश निघतात. शेजारच्या तारकाकृती पेशीही निरोप पोचवतात. बारीक रोहिण्यांचे स्नायू सैलावतात आणि काही सेकंदांत त्या भागातला प्रवाह वाढतो. गंमत पुढेच आहे. 1986 साली फॉक्स आणि रेकल यांना दिसलं, की अशा भागात रक्तप्रवाह 29 टक्के वाढला, तर प्राणवायूचा वापर जेमतेम 5 टक्के. वाफा भरून पाणी बाहेर वाहावं, तसं प्राणवायूने भरलेलं रक्त शिरांमध्ये उतरतं. प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुण वेगळे असतात. सेजी ओगावा यांनी 1990 साली हा फरक एमआरआयमध्ये टिपला आणि त्यातून आजचा 'फंक्शनल एमआरआय' उभा राहिला.

वर्तमानपत्रात आता 'प्रेमाचं केंद्र', 'भीतीचं केंद्र' असे रंगीत ठिपके छापून येतात. वाचकहो, तो ठिपका म्हणजे विचाराचा फोटो समजू नका. चेतापेशींनी काम सुरू केल्यावर काही सेकंदांनी तिथे पोचलेल्या रक्ताची ती खूण आहे. पेशींनी कोणता विचार केला, हे त्यावरून कळत नाही. बर्तिनोची रेघ उसळलेली मॉसोंना दिसली होती, पण ती कशामुळे उसळली हे त्यांना बर्तिनोलाच विचारावं लागलं.